केतकीचा उजवा हात

केतकीचा उजवा हात टेबलावर उघडा पडला होता आणि ती डाव्या हाताने त्याच्या सर्किट बोर्डावर स्पिरिट ओतत होती. काल पाण्याची मोटार लावताना तिचा नवरा हर्षल करंटला चिकटला. त्याला ओढायला तिने हा यांत्रिक हात पुढे केला, पण बोटं त्याला टेकताच बोर्डच शॉर्ट झाला. फ्यूज उडाला म्हणून हर्षल वाचला.

“नवा बोर्ड टाकून घे ना,” तो पुन्हा म्हणाला.

“आणि त्याला पोळी लाटण्यापासून सगळं परत शिकवू? या बोर्डाला माझ्या सगळ्या सवयी ठाऊक आहेत. गप बस आणि बॅटरीची वायर धर.”

हर्षलने वायर बोर्डाला टेकवताच एका कोपऱ्यातलं स्पिरिट भर्रकन उडून गेलं. म्हणजे बोर्ड तिथेच तापत होता. तिथला मसुराएवढा जळका कपॅसिटर तिने चिमट्याने उपटला, झाकण लावलं आणि हात खांद्याला चढवला.

हिरवा दिवा लागला. दुसऱ्याच क्षणी हाताने हर्षलची कॉलर पकडली आणि त्याला खस्सकन मागे ओढलं.

“अगं, काय करतेस?”

“मी कुठे काय केलं?” केतकी त्या हाताकडे बघत म्हणाली. “त्याचं कालचं काम राहिलं होतं.”