खिडकीची काच

मेलेल्या ताऱ्यांकडून, कृष्णविवरांकडून येणारे एक्स-रे तपासायचे, हे सुषमाचं पीएच.डी.चं काम. सुट्टीत वेवजीला घरी आली की ती खिडकीकडे पाठ करून लॅपटॉप उघडायची. फुटलेल्या काचेच्या जागी बाबाने कसलंसं काळं प्लॅस्टिक ठोकलं होतं, त्यामुळे स्क्रीनवर ऊन यायचं नाही. बाबा खोकत खोकत दर वेळी तेच विचारायचा, "तारा मेल्यावर त्याचा फोटो बघून काय उपेग गं, पोरी?" ती नुसती हसायची.

बाबाचं बारावं आटोपलं आणि ती पहिल्यांदाच खिडकीकडे तोंड करून बसली.



उन्हात त्या प्लॅस्टिकवर बरगड्या दिसत होत्या, त्यांच्यामध्ये मुठीएवढा पांढरा डाग, आणि कोपऱ्यात बाबाचं नाव, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेसकट.