लाल दोरी

"काय रं हिराजी, नव्या इंजिनाची झोप नाय झाली अजून?" धाकट्या भावाला टोमणा मारून पोशाने सकाळी होडी काढली होती.

आता ती खाडीच्या तोंडावर उलटली होती. तिच्या बुडाला बिलगून पोशा किनाऱ्याकडे बघत होता. बाकीच्या होड्या केव्हाच लांब गेल्या होत्या. एकटा हिराजी तिथे आपल्या होडीच्या नव्या इंजिनाचा दोर ओढत होता.

"दादूस, धरून ऱ्हा! आलूच!"

हिराजीने प्लग पुसला, पेट्रोलची नळी फुंकली. इंजिन ढिम्म. मेकॅनिक समजावत होता तेव्हा तो इंजिनापुढे नारळ फोडण्यात गुंतला होता. बटणाजवळची लाल दोरी निघाली की इंजिन चालू होत नाही, हे पोशानेच तेवढं ऐकलं होतं. पहाटे ती त्यानेच काढून खिशात टाकली होती.

मतलई वारा किनाऱ्यावरचा शब्द न् शब्द आणत होता, पोशाची हाक मात्र माघारी जात नव्हती. एक हात सोडून त्याने दोरी उंच धरली.

"हात केला! दम हाय अजून माझ्या दादूसमदी!" हिराजी हरखून ओरडला आणि दुप्पट जोराने दोर ओढू लागला.

पुढच्या लाटेने दुसऱ्या हातातून उलटलेली होडी सुटली. पोशाची मूठ दोरीवर आवळलेलीच होती.