तिच्याकडची प्रत

टिपणीस सरांनी सातव्यांदा क्लिक केलं आणि पडद्यावर सातव्यांदा तेच उमटलं: फाईल उघडता येत नाही. बारा वर्षांपूर्वी चित्रित केलेलं दशावतारी नाटक त्या फाईलमध्ये अडकून पडलं होतं. त्यातले म्हातारे नट आता हयात नव्हते. फाईल ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, ते बनवणारी कंपनीही बंद पडली होती.

मागच्या खुर्चीवर बसलेल्या हेमांगीला ते दिवस लख्ख आठवत होते. सरांच्या त्या फिल्मची तीच संकलक. "सर, कुठेही उघडेल अशा खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवू," असं तिने तेव्हाच सुचवलं होतं. त्यावर सर सगळ्या युनिटसमोर म्हणाले होते, "तू कात्री चालव. अक्कल चालवू नकोस."

तिने पर्समधली जुनी डिस्क काढून संगणकाला जोडली. सरांच्या त्या बोलण्यानंतर, त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत येऊन तिने ही प्रत काढली होती. पडदा उजळला आणि नाटकातला शंकासुर मृदंगाच्या तालावर नाचू लागला.

सरांनी सुस्कारा सोडला. तिच्याकडे न बघताच त्यांनी, ही फिल्म मागणाऱ्या महोत्सवाच्या आयोजकांना फोन लावला. "मिळालं हो. खुल्या फॉरमॅटमध्ये एक प्रत मी तेव्हाच काढून ठेवायला लावली होती. या धंद्यात दूरदृष्टी लागते."

नाचता नाचता शंकासुर थिजला. हेमांगीने डिस्कची वायर काढली होती.

डिस्क पर्समध्ये टाकून ती उठली. "बरं झालं, सर," ती म्हणाली. "मग आता तुमची ती प्रत लावा."