अप्पांची पावलं

२०२३ सालची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मानवतला सकाळची थंडी पडायला लागली होती. शिवमूर्तीअप्पा बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि नागुबाई खाली बसून त्यांच्या पायात चपला सरकवत होती.

"उठा. गेटापर्यंत तर चला."

अप्पा उठले नाहीत. चपला घातलेले पाय जमिनीवर तसेच ठेवून बसून राहिले.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे दुखणं मनाचं आहे, उतारवयात होतं, लपवू नका. गोळ्या चालू ठेवा, पण रोज अर्धा तास चालवा. पुण्याचा मुलगा शिवप्रकाश दिवाळीला आला तेव्हा अप्पांच्या मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधून गेला. इथं टाकलेलं पाऊल तिकडे त्याच्या फोनवर दिसायचं. पहिल्या दिवशी चाळीस दिसली. दुसऱ्या दिवशी तीस. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"आई, तू त्यांना उठवतच न्हाईस."

कसं उठवायचं, ते त्यानं सांगितलं नाही. कापसाच्या बाजारात गाडी न् गाडी हात घालून पारखत अख्खा हंगाम पायी काढणारा हा माणूस. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. आता पूजेलाही हात लावत नव्हता. नागुबाईनं समजावून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा तर ओरडली.

"माझ्यानं होईना ग," अप्पा भिंतीला म्हणाले. "तूच जाऊन ये."

नागुबाईनं त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं, आपल्या हातात बांगड्यांच्या वर चढवलं आणि महादेवाच्या देवळाकडे निघाली.

घरचं माणूस आजारी पडलं की त्याच्या नावानं फेऱ्या घालायच्या, हे ती लहानपणापासून बघत आली होती. भावाला गोवर निघाला तेव्हा तिच्या आईनं घातल्या होत्या, आणि भाऊ आठव्या दिवशी भाकर मागत उठून बसला होता. महादेवाला पुरी फेरी घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नसते. तिथवर जायचं आणि मागं फिरायचं. नागुबाई जात राहिली, मागं फिरत राहिली. आठवड्याभरात रोजची सहा हजार पावलं होऊ लागली.

देवळाबाहेर बेल-फुलं विकणाऱ्या कडूबाईला ते घड्याळ दिसलं.

"काय नागुबाई, पोलीसभरतीला उतरायलाव का?"

"माझं न्हाई, त्यांचं हाय."

"मग त्यांच्या पायात बांधा की!"

नागुबाईला हसू आलं. लय दिवसांनी आलं. घरी येईपर्यंत तिला त्याची लाज वाटू लागली. अप्पा होते तसेच बसलेले होते. तिनं घड्याळ पुन्हा त्यांच्या मनगटाला बांधलं. त्यांनी हात पुढं केला, एवढंच.

संक्रांत चार दिवसांवर आली तेव्हा शिवप्रकाशचा फोन आला. नागुबाईनं फोन स्पीकरवर टाकून बाजेवर ठेवला.

"अप्पा, महिनाभर रोज सहा हजार! माझी तीन होत न्हाईत. संक्रांतीला रजा काढून येणार होतो, तुमाला इथल्या मोठ्या डॉक्टरकडं दाखवायला. आता गरजच न्हाई म्हणा की. खरंच चालायलाव ना?"

नागुबाईनं फोन उचलला. "प्रकाश, अरे ऐक, ते घड्याळ..."

"चालायलोय की," अप्पा म्हणाले. आवाज खणखणीत होता, पूर्वी बाजारात असायचा तसा. "तू कामं सोडून येऊ नको."

पलीकडे शिवप्रकाश आनंदानं काहीतरी बोलला आणि फोन बंद झाला.

"असं का बोललाव तुमी?"

"तू एवढी चालायलीस," अप्पा म्हणाले. "तुला खोटी कशी पाडू?"

आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

नागुबाईनं दोनदा फोन लावला. तो कामात होता. संध्याकाळी त्यानंच केला, पण तोवर तिचा धीर गेला होता. महिनाभर तुला फसवलं, हे पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अप्पांच्या पायात चपला घातल्या, वाट पाहिली, काढून ठेवल्या आणि स्वतःच्या घातल्या.

पुढं चैत्रात अप्पा गेले. दुपारच्या वेळी, बाजेवर बसल्या बसल्या. लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच मूठमाती दिली. शिवप्रकाश भेटायला येणाऱ्यांना फोन दाखवत होता, शेवटच्या दिवसापर्यंत चालत होते म्हणून सांगत होता. कडूबाईनं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. ती अजून देवळाबाहेर बसते, पण नागुबाईची थट्टा करत नाही.

नागुबाईचे गुडघे दुखायचे थांबले आहेत. रात्री झोप लागते. हे ती कोणाला सांगत नाही.

सगळं उरकून शिवप्रकाश पुण्याला परतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं घड्याळ हातात चढवलं आणि देवळाकडे गेली. त्याच्या फोनवर पुन्हा सहा हजारांचा आकडा उमटला. त्यानं आईला काही विचारलं नाही. आता तो रोज सकाळी चहाआधी फोन उघडतो. तिथं नाव अजून अप्पांचंच आहे. आकडा हललेला दिसला की फोन खाली ठेवतो.