धाकटीचा आवाज

अनेक पुरस्कारांनी गौरविलेल्या त्या अभिनेत्रीचा स्वतःचा आवाज प्रेक्षकांनी कधी ऐकलाच नव्हता. पहिल्याच दिग्दर्शकाने तो घोगरा ठरवला आणि तेव्हापासून पडद्यावर ओठ तिचे हलत, शब्द मात्र थोरल्या बहिणीच्या कंठातून उमटत. आज ध्वनिमुद्रणाच्या खोलीत थोरलीने आपला हेडफोन काढून धाकटीच्या डोक्यावर चढवला. “या वेळी तूच बोल.” “ताई, लोक हसतील गं!” “हसू देत. तुझ्या सगळ्या नवऱ्यांशी भांडून भांडून माझा घसा बसलाय.” समोरच्या पडद्यावर वृद्ध मातेच्या वेषातील तिचीच छबी दार उघडून लेकीला सामोरी आली. ओठांची हालचाल साधून धाकटी हलकेच बोलली, “दमलीस ना? ये, आत ये.” शेवटचा शब्द किंचित फाटला. काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने विचारले, “पुन्हा घेऊ या, ताई?” थोरली समाधानाने हसून म्हणाली, “नको रे. आमची आई अश्शीच बोलायची.”