खोटं बोर्ड

"कॉन्फिगर झालं, पण मेक अडलं," आकांक्षा म्हणाली आणि स्क्रीनवरची लाल ओळ वाचायला पुढे झुकली.

"म्हणजे मेलं?" पायलनं विचारलं.

"मेलं नाही वं. एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, मागून राहिलं. देते त्याले."

अकोल्यातल्या त्यांच्या शाळेत खरं सर्किट बोर्ड नव्हतंच. म्हणून सोर्स कोडवरून सिम्युलेटर बिल्ड करायचं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात खोटं बोर्ड, त्यावर खोटे दिवे, आणि ते दिवे चालवणारा आकांक्षाचा सिग्नलचा प्रोग्राम. आधी कॉन्फिगर करताना जे हवं त्याच्या आधी एनेबल, जे नको त्याच्या आधी डिसेबल लिहायचं, मग मेक म्हणायचं आणि मशीन ते सगळं बांधेपर्यंत बसून राहायचं. लॅबचं मशीन इतकं म्हातारं की अख्खी दुपार जायची.

अखेर दिवे लागले. लाल, पिवळा, हिरवा! पायल तर नाचलीच.

साधना मॅडम खूश झाल्या. "पण अमरावतीच्या स्पर्धेला एकच नाव जातं बरं का. स्टेजवर बोलणारी पोरगी पाहिजे. आपली पायल कशी फाडफाड बोलते."

मागच्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या फोटोत आकांक्षाचा फक्त हात आला होता, वायर धरलेला.

पायल मॅडमच्या मागे बाहेर गेली. काचेतून दोघी हसताना दिसल्या.

"काय बोलून राहिली होती?" ती परत आल्यावर आकांक्षानं विचारलं.

"काही नाही वं. कपड्याचं. अमरावतीले तू पण चाल सोबत. नवा ड्रेस घालजो."

स्पर्धेचा नियम कडक होता. तयार बिल्ड पेनड्राइव्हवर, पाकीट सीलबंद, हॉलमध्ये प्रत्येकाला दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी आकांक्षानं जुनं सगळं पुसलं आणि पुन्हा कॉन्फिगरची ओळ टाइप करायला घेतली.

"चालून तर राहिलं होतं. पुन्हा काहून?" पायलनं विचारलं.

"आत कचरा राहते. स्वच्छ केलेलं बरं."

पायलनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे डिस्प्लेच्या आधी डिसेबल काहून लिवलं?"

"त्यानं हलकं होते," आकांक्षा तिच्याकडे न बघता म्हणाली.

"बापा! किती येते वं तुले!" म्हणत पायलनं अर्धी कचोरी तिच्या हातात कोंबली.

संध्याकाळी मॅडमनी पेनड्राइव्ह पाकिटात घातला आणि वर सही केली. "काल चालताना पाहिलंय मी," म्हणाल्या.

अमरावतीच्या बसमध्ये पायलनं तिला खिडकी दिली. वाटभर बडबड. आकांक्षा बाहेर बघत राहिली.

हॉल गच्च भरला होता. "पुढची शाळा, अकोला," माइकवरून आवाज आला. आकांक्षा पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसली.

"आकांक्षा भगवंत तायडे."

झाकण खाली पडलं.

"ऊठ न वं!" पायलनं तिला ढोसलं. "त्याच दिवशी सांगितलं मी मॅडमले, जिचं बोर्ड तिचंच नाव. तुले सांगू नका म्हटलं. मले तुहं तोंड पाहाचं होतं!"

आकांक्षा स्टेजवर गेली. पाकीट फोडलं गेलं, पेनड्राइव्ह लागला. "हं, दाखव बेटा तुझे दिवे," परीक्षक म्हणाले.

तिनं एंटर दाबलं. मागचा मोठा पडदा काळाच राहिला, आणि समोर पायल एकटीच उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होती.