उचललेला भंडारा

ते २०११ साल. दसरा नुकताच होऊन गेला होता. कोऱ्हाळ्याच्या मळ्यातल्या बिरोबापुढे भावकी जमली होती आणि लखनने आपल्या बायकोला, संजीवनीला, भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली होती.

वालचंदनगरला आजारी आईला भेटून येताना तिची एसटी चुकली होती. भावाचा मित्र नागेश इकडेच निघाला होता. त्याने तिला मोटारसायकलवरून फाट्यावर आणून सोडलं. दिवसभरातलं सगळं नवऱ्याला सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. हेही तिने घरात पाऊल टाकताच सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लखनकडे बघून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेवढं पुरलं.

“पोरी, देवाचा भंडारा हाय. इचार करून बोल,” पुजारी म्हस्कूतात्या म्हणाले.

“इचार कशाला, तात्या?” संजीवनीने देवापुढच्या हळदीने पिवळी मूठ भरली. “नागेशनं मला फाट्यावर सोडलं. त्याच्या पल्याड काय न्हाय.”

तात्यांनी मान डोलावली. लखनचा चेहरा उजळला.

“लखनराव, आता बायकूच्या हातचं बिनघोर जेवा!” कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. जिलबी आली. लखनने पहिला वेढा संजीवनीपुढे धरला.

“मी त्या दिशी हेच सांगितलं व्हतं,” ती हळू आवाजात म्हणाली.

“व्हय गं. पण आता देवानं सांगितलं.”

“देव कुठं बोलला? आत्ता बी मीच बोलले.”

तिने जिलबी घेतली, खाल्ली. भांडली नाही. तिने माफ केलं, असं लखन धरून चालला.

म्हस्कूतात्या दोन-तीन वर्षांत गेले. नागेश त्या रस्त्याने पुन्हा आला नाही. संजीवनीच्या छातीत गाठ आली, ती तिने घरात कुणालाच सांगितली नाही. बारामतीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, घरी का बोलला नाहीत? ती म्हणाली, “सवय मोडली.” गावात कुजबुज सुरू झाली, खोटा उचललेला भंडारा भोवला. अखेरच्या दिवसांत लखन तिच्या उशाशी वाकला आणि म्हणाला, “आता तरी खरं सांग.” तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पायाशी बसलेल्या लेकीने, प्रतिक्षाने, ते ऐकलं.

लखन आता इंदापूरला प्रतिक्षाकडे असतो. ती त्याला वेळेवर वाढते, औषध देते. तो काहीबाही विचारत राहतो. ती ताटात भाकरी ठेवते आणि आत निघून जाते.